खाणीत काम केलेल्या मंत्र्याने सरकारी घरात दोन संडास का द्यायला लावले?

१९४६ सालचा मे महिना. युरोपातलं युद्ध संपून वर्ष झालं होतं. ब्रिटन जिंकलं होतं, पण लढाईवरून परत आलेल्या शिपायाला राहायला घर नव्हतं. कुणी सासऱ्याच्या घरातल्या एका खोलीत बायकापोरांसह दिवस काढत होतं, कुणी भाड्याच्या ओल्या खोलीत.

अशातच उत्तर इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावात एका कुटुंबाने लष्कराच्या रिकाम्या छावणीत सामान हलवलं आणि तिथेच संसार मांडला. परवानगी नाही, करार नाही, काही नाही. बातमी पसरली आणि देशभरात लोक हेच करायला लागले. त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर सरकारने मोजदाद केली, तेव्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये हजाराहून जास्त छावण्यांमध्ये जवळपास ४० हजार माणसं घुसून राहत होती.

या सगळ्यांचा राग ज्या माणसावर निघत होता, त्याचं नाव अनायरिन बेव्हन. जवळचे लोक त्यांना नाय म्हणायचे. मराठी कानाला हा नकार वाटेल, आणि गंमत म्हणजे गडी नकार देण्यात पक्का होता.

घरांची इतकी टंचाई असताना सगळे एकच सल्ला देत होते. घरं लहान करा, एका घराच्या सामानात दीड घर बसवा, आकडा वाढवा. बेव्हन नाही म्हणाले. उलट सरकारी घर आधीपेक्षा मोठं असेल आणि कुटुंबाच्या घरात एक संडास खाली, एक वर असेल, असा आग्रह त्यांनी धरला.

लोक छावण्यांमध्ये राहत असताना हा माणूस दुसऱ्या संडासासाठी का भांडत होता? हे समजायचं असेल तर वेल्समध्ये जायला लागतं.

चार्ल्स स्ट्रीटवरचं घर

दक्षिण वेल्समध्ये ट्रेडेगर नावाचं गाव आहे. कोळसा आणि लोखंडावर उभं राहिलेलं. खाण कंपनीची, त्यामुळे गावात शब्दही कंपनीचाच चालायचा. १५ नोव्हेंबर १८९७ ला याच गावात डेव्हिड आणि फीबी बेव्हन यांच्या पोटी अनायरिनचा जन्म झाला. बाप खाण कामगार. एकूण दहा भावंडं, त्यातली काही लहानपणीच गेली. त्या काळात खाणीच्या गावात हे नवल नव्हतं.

अनायरिन शाळेत बोबडत, अडखळत बोलायचा. हेडमास्तरांशी त्याचं कधी पटलं नाही. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा टाय-ट्रिस्ट खाणीत उतरला.

पण दोन गोष्टी त्याच्या नशिबी चांगल्या आल्या. पहिली, गावातल्या कामगारांच्या संस्थेचं वाचनालय. कामगारांनी आपल्या पगारातून वर्गणी काढून चालवलेलं. तिथे त्याने अधाशासारखं वाचलं. दुसरी गोष्ट म्हणजे बापाने उभं केलेलं घर.

बेव्हन कुटुंब आधी चार खोल्यांच्या छोट्या घरात राहायचं. पुढे ते त्याच रस्त्यावर, म्हणजे चार्ल्स स्ट्रीटवर, थोड्या मोठ्या घरात गेले. डेव्हिडने खाणीतली पाळी संपवून स्वतःच्या हाताने ते घर दुरुस्त केलं. घरात संडास, गॅसची शेगडी आणि गरम पाण्याचा नळ असलेलं ते त्या रस्त्यावरचं पहिलं घर ठरलं. बाकीच्या घरांमध्ये संडास मागच्या अंगणात, अंघोळ चुलीसमोरच्या टबात, आणि खाणीतून आलेल्या प्रत्येक माणसासाठी पाणी वेगळं तापवायचं. हे काम अर्थातच घरातल्या बाईचं.

म्हणजे घरात एक नळ आला तर आईच्या दिवसातले किती तास वाचतात, हे या पोराने पुस्तकात वाचलं नव्हतं. पाहिलं होतं.

१९२५ साली डेव्हिड बेव्हन गेले. छातीत कोळशाची धूळ बसून होणाऱ्या आजाराने. तेव्हाच्या कायद्यात हा आजार कामातून झालेला आजार मानला जात नव्हता, त्यामुळे भरपाई शून्य. खाणीत आयुष्य घातलेला माणूस गेला आणि कागदावर त्याचं कारण खाण नव्हतीच. कायद्यात कुठला शब्द आहे आणि कुठला नाही, याने घर कसं उघड्यावर येतं, हा धडा बेव्हन यांना घरातच मिळाला.

नगरपालिकेतून संसदेत

मधल्या काळात बेव्हन कामगार संघटनेत पुढे आले होते. १९१९ साली शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनच्या सेंट्रल लेबर कॉलेजमध्ये दोन वर्षं शिकले. परत आले तर काम नाही. खाणमालकांना हा भांडखोर नको होता. बराच काळ बेकारीत काढला. त्याच काळात, १९२२ साली, ते ट्रेडेगरच्या स्थानिक परिषदेवर निवडून गेले. आपल्याकडच्या नगरपालिकेसारखीच ही संस्था. गटारं, पाणी, रस्ते, घरं ही सगळी कामं तिच्याकडे.

१९२९ साली एब व्हेल मतदारसंघातून ते लेबर पक्षाचे खासदार झाले. मरेपर्यंत, म्हणजे ३१ वर्षं, ही जागा त्यांनी सोडली नाही. बोबडं बोलणारा तो पोरगा आता संसदेतल्या सगळ्यात जहाल वक्त्यांपैकी एक होता. १९३४ साली त्यांनी जेनी ली यांच्याशी लग्न केलं. त्याही खासदार राहिलेल्या, आणि नवऱ्याइतक्याच जहाल. पंडित नेहरूंशीही बेव्हन यांची चांगली मैत्री होती आणि भारताच्या स्वातंत्र्याच्या बाजूने बोलणाऱ्यांमध्ये ते होते.

युद्धाच्या काळात चर्चिल यांच्यावर बोलायला भले भले कचरायचे. बेव्हन मात्र भर संसदेत त्यांना धारेवर धरायचे. त्यासाठी लोकांनी देशद्रोही ठरवलं, तरी थांबले नाहीत.

मग जुलै १९४५ उजाडला. युद्ध जिंकून देणारे चर्चिल निवडणूक हरले. क्लेमेंट अॅटली पंतप्रधान झाले आणि त्यांनी ४७ वर्षांच्या बेव्हन यांना आरोग्यमंत्री केलं. मंत्रिमंडळातले ते सगळ्यात तरुण.

बेव्हन म्हटलं की ब्रिटनमध्ये आजही एकच गोष्ट आठवते. ५ जुलै १९४८ ला सुरू झालेली राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस. पण तेव्हाच्या आरोग्य खात्याकडे अजून एक विषय होता. घरं. इंग्लंड आणि वेल्समधली सरकारी घरं बांधून घेण्याची जबाबदारी याच खात्याची. आज विचित्र वाटेल, पण यामागे कारण होतं. ओल आलेल्या भिंती, एका खोलीत सात माणसं, उघडी गटारं, यातूनच क्षय पसरतो हे शंभर वर्षांपासून माहीत होतं. घर हा आरोग्याचाच प्रश्न होता.

गणित कुठे अडलं होतं?

बॉम्बहल्ल्यांमध्ये ब्रिटनमधली साडेचार लाखांच्या आसपास घरं एकतर जमीनदोस्त झाली होती किंवा राहण्याजोगी उरली नव्हती. त्याहून कितीतरी जास्त घरांची मोडतोड झालेली. सहा वर्षं नवं बांधकाम जवळपास बंद. लाखो शिपाई परत येत होते, लग्नं होत होती, पाळणे हलत होते. आणि गवंडी, सुतार, विटा, लाकूड सगळ्याचीच बोंब. लाकूड बाहेरून आणायचं तर डॉलर लागतात आणि ब्रिटनची तिजोरी युद्धाने रिकामी केलेली.

आता विचार करा. विटा मोजक्या असतील तर त्या कुणाला द्यायच्या?

बाजारावर सोडलं असतं तर उत्तर सोपं होतं. ज्याच्याकडे पैसा, त्याचं घर आधी. खासगी बिल्डर विकत घेऊ शकणाऱ्यासाठी बांधतो, आणि धंदा म्हणून त्यात गैर काही नाही. पण मग छावणीत राहणाऱ्याचा नंबर कधी लागणार?

बेव्हन यांनी खासगी बांधकामाला परवाना सक्तीचा केला आणि साधारण हिशोब ठेवला की सरकारी चार घरांमागे खासगी एक. सरकारी म्हणजे थेट दिल्ली-लंडनसारख्या राजधानीतून बांधलेलं नाही. घर बांधायचं, भाड्याने द्यायचं आणि सांभाळायचं काम स्थानिक परिषदेचं. म्हणून या घरांना कौन्सिल हाउस म्हणतात. कुणाला गरज किती, हे गावाला माहीत असतं, असा त्यांचा विचार. स्वतः परिषदेत बसलेल्या माणसाचा हा विचार होता.

पैसा कुठून आला?

इथे नीट लक्ष द्या, कारण अख्ख्या गोष्टीचा कणा हाच आहे.

स्थानिक परिषद घर बांधायला कर्ज काढायची, तेही कमी व्याजाने, सरकारी कर्ज मंडळाकडून. हे कर्ज फेडायचं भाड्यातून. पण नुसत्या भाड्यातून फेडायचं तर भाडं इतकं वाढलं असतं की कामगाराला ते परवडलंच नसतं. मग मधली दरी भरायला सरकार दर घरामागे दर वर्षी ठराविक रक्कम देणार.

१९४६ साली बेव्हन यांनी यासाठी कायदा केला. साध्या घरामागे वर्षाला २२ पौंड. त्यातले साडेसोळा पौंड केंद्राच्या तिजोरीतून आणि साडेपाच पौंड स्थानिक घरपट्टीतून. किती वर्षं? ६० वर्षं. म्हणजे एका घरामागे एकूण १,३२० पौंडांची हमी.

या रचनेत तीन गोष्टी साधल्या. एक, मोठा वाटा केंद्राचा असल्यामुळे गरीब गावाची परिषदही घरं बांधायला धजावली. श्रीमंत गावाची घरपट्टी भरपूर, गरीब गावाची तुटपुंजी, आणि घरांची गरज मात्र गरीब गावालाच जास्त. केंद्राचा पैसा नसता तर ट्रेडेगरसारखी गावं जिथल्या तिथेच राहिली असती. दोन, स्थानिक वाटा थोडा का होईना असल्यामुळे परिषद खर्चाकडे लक्ष ठेवणार. तीन, ६० वर्षांची हमी असल्यामुळे आज सरकार बदललं म्हणून उद्या बांधलेल्या घराचं अनुदान बुडेल, ही भीती नाही.

पहिल्या महायुद्धानंतर नेमकं उलटं घडलं होतं. १९१९ साली सरकारने मोठ्या थाटात घरांची योजना आणली आणि दोनच वर्षांत खर्च फार होतोय म्हणून तिचा गळा आवळला. त्या वेळी बेव्हन विशीत होते. फसलेलं आश्वासन त्यांनी पाहिलं होतं.

आणि तो दुसरा संडास

पैसा ठरला. आता घर कसं असावं?

तीन बेडरूमच्या घराला किमान ९०० चौरस फूट, हे प्रमाण युद्धाच्या शेवटी एका सरकारी समितीने सुचवलं होतं. युद्धाआधीच्या सरकारी घरांपेक्षा हे मोठं. बेव्हन यांनी ते धरून ठेवलं. प्रत्यक्षात बांधलेली बरीच घरं त्याहूनही मोठी झाली. वर न्हाणीघर, गरम पाणी, स्वयंपाकघरात नीट जागा, आणि वर-खाली दोन संडास.

मंत्रिमंडळातल्या सहकाऱ्यांनाही हे पटत नव्हतं. त्यांचा मुद्दाही फेकून देण्यासारखा नव्हता. शंभर चौरस फूट कमी केले तर तेवढ्याच विटांमध्ये जास्त कुटुंबं छताखाली येतील. छावणीत थंडी काढणाऱ्या बाईला दुसरा संडास हवा होता की पहिलं घर?

बेव्हन यांचं म्हणणं असं की, एक-दोन वर्षं लोक आपल्याला घरांच्या आकड्यावरून जोखतील, पण दहा वर्षांनी घर कसं बांधलंय त्यावरून. घाईत बांधलेलं खुराडं साठ वर्षं उभं राहतं. आज जे तात्पुरतं म्हणून देऊ, तेच गरिबाच्या तीन पिढ्यांच्या वाट्याला येणार.

यात कोण बरोबर होतं, यावर ब्रिटनमध्ये आजही वाद होतो. एक मात्र सांगायला हवं. या हट्टाची किंमत बेव्हन यांनी नाही, रांगेतल्या लोकांनी मोजली.

कारण सुरुवात फारच वाईट झाली. १९४६ साली जेमतेम ५५ हजार पक्की घरं पूर्ण झाली. परिषदांनी कामं भराभर काढली, पण ती पुरी करायला माणसं आणि सामान नव्हतं. अर्धवट भिंती उभ्या. १९४७ चा हिवाळा तर भयानक होता. बर्फ, कोळशाची टंचाई, कारखाने बंद. त्याच वर्षी डॉलरचं संकट आलं, लाकडाची आयात कापली, घरांच्या खर्चाला कात्री लागली.

मधल्या काळात कारखान्यात तयार केलेली तात्पुरती घरं, म्हणजे प्रीफॅब, उभी राहत होती. ही योजना आधीच्या सरकारची. एकूण दीड लाखांहून जास्त प्रीफॅब बसवले गेले. बेव्हन यांना ती आवडायची नाहीत. पण गंमत बघा, त्यात राहणाऱ्यांना ती प्रचंड आवडली. छोटी असली तरी आत फ्रिज आणि बसवलेलं स्वयंपाकघर होतं. दहा-पंधरा वर्षांसाठी दिलेल्या प्रीफॅबमध्ये काही कुटुंबं कित्येक दशकं राहिली.

छावण्यांमध्ये घुसलेल्यांचं काय झालं? सरकारने त्यांना हुसकावलं नाही. बऱ्याच छावण्या परिषदांच्या ताब्यात दिल्या, पाणी आणि वीज दिली. पण सप्टेंबर १९४६ मध्ये कम्युनिस्ट कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने लोक लंडनच्या केन्सिंग्टन भागातल्या महागड्या फ्लॅटमध्ये घुसले, तेव्हा मात्र सरकार कडक झालं. पोलिसांनी वेढा दिला, पुढाऱ्यांना अटक झाली. रांग मोडून घर मिळालं तर रांगेत उभ्या असलेल्यांवर अन्याय, अशी सरकारची भूमिका होती. खाणीतून आलेला मंत्री आणि बेघर लोकांवर पोलीस, हे चित्र बेव्हन यांच्या चाहत्यांनाही झेपलं नाही.

हळूहळू गाडी रुळावर आली. १९४७ साली सुमारे १ लाख ४० हजार घरं झाली, १९४८ साली सव्वादोन लाखांच्या पुढे. १९५१ पर्यंत ब्रिटनमध्ये दहा लाखांच्या आसपास नवी पक्की घरं उभी राहिली आणि त्यातली बहुसंख्य सरकारी होती.

लंडनच्या फिन्सबरी भागातली स्पा ग्रीन वसाहत हे त्यातलं एक नाव. जुलै १९४६ मध्ये तिची कोनशिला बेव्हन यांनीच बसवली. बर्थोल्ड लुबेटकिन या नावाजलेल्या वास्तुविशारदाच्या चमूने ती आखली. कामगारांच्या घरांना लिफ्ट, बाल्कनी आणि खोल्या गरम ठेवायची सोय. आज ती इमारत देशाच्या संरक्षित वारसा यादीत आहे.

दोन शब्द खोडले

पण बेव्हन यांचं सगळ्यात मोठं काम विटांचं नव्हतं. ते शब्दांचं होतं.

१८९० पासून ब्रिटनच्या घरांविषयीच्या कायद्यांमध्ये एक शब्दप्रयोग होता. परिषदेने घरं बांधायची ती कामगार वर्गासाठी. ऐकायला चांगलं वाटतं. गरिबाचा पैसा गरिबालाच. पण याचा परिणाम असा की सरकारी वसाहत म्हणजे गरिबांची वसाहत, हे कायद्यानेच ठरवून टाकलं होतं. गावाच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला बिल्डरने बांधलेली मध्यमवर्गाची घरं. मुलांच्या शाळा वेगळ्या, दुकानं वेगळी, पत्ता सांगितला की माणसाची पत समजणार.

बेव्हन यांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर जुनं खेडं होतं, जिथे डॉक्टर, वाणी, खाटीक आणि शेतमजूर एकाच गल्लीत राहतात. त्यांना वाटायचं की एकाच उत्पन्नाची माणसं एका जागी कोंबली की वस्ती आजारी पडते. म्हाताऱ्यांसाठी छोटी घरं, मोठ्या कुटुंबांसाठी मोठी, सगळी एकाच वसाहतीत असावीत, म्हणजे आजी-आजोबा नातवंडांपासून लांब फेकले जाणार नाहीत.

१९४९ च्या कायद्याने ते शब्द काढून टाकले. आता परिषद कुणासाठीही घर बांधू शकत होती. शिक्षक असो, कारकून असो, खाण कामगार असो, निकष एकच, गरज. याच कायद्याने जुनी खासगी घरं सुधारायलाही अनुदान सुरू केलं.

यामागे एक साधं व्यवहारज्ञान होतं. ज्या सोयीचा फायदा फक्त गरिबांना होतो, ती सोय निकृष्ट झाली तरी आवाज उठत नाही. डॉक्टरची मुलं त्याच वसाहतीत राहत असतील तर छत गळायला लागल्यावर परिषदेला लगेच उत्तर द्यावं लागतं. एनएचएसमागेही हाच विचार होता. सगळ्यांसाठी एकच, म्हणून चांगलं.

सगळ्यांसाठी, पण खरंच सगळ्यांसाठी?

कायदा सगळ्यांचा झाला. रांग झाली का?

१९४८ नंतर कॅरिबियन बेटं, भारत, पाकिस्तान इथून लोक ब्रिटनमध्ये कामाला यायला लागले. एनएचएसची रुग्णालयं आणि शहरांतल्या बस त्यांच्या जिवावर चालल्या. पण कौन्सिल हाउस मागायला गेल्यावर कळायचं की अनेक परिषदांचा नियम आहे, आधी इथे काही वर्षं राहिलेलं असलं पाहिजे. नियमात रंगाचा उल्लेख नव्हता. पण काल आलेल्याकडे वर्षं कुठून असणार? ही माणसं मग खासगी घरमालकांच्या तावडीत सापडली, दाटीवाटीच्या खोल्यांसाठी जास्त भाडं देत राहिली. घर देताना रंग किंवा वंश पाहून नाकारणं बेकायदेशीर ठरायला १९६८ साल उजाडलं.

स्थानिक परिषदेला गरज कळते, हा बेव्हन यांचा विश्वास होता. तो अर्धा खरा ठरला. परिषदेला आपल्या माणसाची गरज कळत होती. आपला कोण, हे मात्र तीच ठरवत होती.

दुसरी अडचण म्हणजे भाडं. मोठं, चांगलं घर म्हणजे भाडंही थोडं जास्त. त्यामुळे सुरुवातीच्या काळात ही घरं स्थिर नोकरी असलेल्या कामगारांना जास्त मिळाली. अगदी तळातला माणूस जुन्या झोपड्यांमध्येच राहिला.

पुढे काय झालं?

जानेवारी १९५१ मध्ये बेव्हन कामगार मंत्री झाले आणि घरांचा विषय दुसऱ्या खात्याकडे गेला. एप्रिलमध्ये त्यांनी राजीनामाच दिला. कोरियन युद्धामुळे शस्त्रांवरचा खर्च वाढवताना सरकारने एनएचएसमधल्या कवळी आणि चष्म्यांवर पैसे आकारायचं ठरवलं होतं. बेव्हन यांना ते तत्त्वाच्या विरोधात वाटलं.

त्याच वर्षी काँझर्व्हेटिव्ह पक्ष सत्तेत आला, वर्षाला ३ लाख घरांचं आश्वासन देऊन. हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी १९५३ मध्ये ते पूर्णही केलं. कसं? घरांचा आकार कमी करून, अनुदान वाढवून आणि खासगी बांधकाम मोकळं करून. लाखो कुटुंबांना लवकर छत मिळालं, हे खरं. पुढे १९५६ मध्ये अनुदान अशा रीतीने बदललं की इमारत जितकी उंच तितकं अनुदान जास्त. मग परिषदांनी टॉवर उभे केले. लोकांनी उंच इमारती मागितल्या नव्हत्या, अनुदानाच्या तक्त्याने त्या मागितल्या होत्या. त्यातल्या अनेक पुढच्या काही दशकांत पाडाव्या लागल्या.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधली जवळपास ३० टक्के कुटुंबं कौन्सिल हाउसमध्ये राहत होती. १९८० साली मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने भाडेकरूंना ही घरं सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला. वीस लाखांच्या आसपास घरं विकली गेली. अनेक कामगार कुटुंबं पहिल्यांदा घरमालक झाली. पण सगळ्यात आधी विकली गेली ती चांगली घरं. दोन मजली, बाग असलेली, बेव्हन यांच्या काळातल्यासारखी. आणि विकलेल्या घरांच्या जागी तितकी नवी बांधली गेली नाहीत. उरलेली सरकारी घरं मिळायची ती अतिगरजू लोकांनाच. म्हणजे कायद्यातून खोडलेले शब्द प्रत्यक्षात परत आले.

बेव्हन यांना हे पाहावं लागलं नाही. ६ जुलै १९६० ला पोटाच्या कर्करोगाने ते गेले. वय ६२. ट्रेडेगरजवळच्या टेकडीवर, जिथे ते उघड्यावर सभा घ्यायचे, तिथे त्यांच्या स्मरणार्थ चार मोठे दगड उभे आहेत. मधला बेव्हन यांचा आणि बाकीचे तीन त्यांच्या मतदारसंघातल्या ट्रेडेगर, एब व्हेल आणि रिम्नी या गावांचे.

त्यांच्या काळात बांधलेली घरं मात्र अजून उभी आहेत आणि त्यांना बाजारात चांगला भाव आहे.

तर मुद्दा असा. घरांच्या योजनेची बातमी आली की आपण पहिल्यांदा आकडा बघतो. इतके लाख घरं, इतके हजार कोटी. पुढच्या वेळी आकड्यानंतर अजून चार गोष्टी बघा. घर किती चौरस फुटांचं आहे, ते गावात आहे की गावाबाहेर, शेजारी कोण राहणार आहे, आणि सरकार बदलल्यावर पैसे कोण देणार आहे.

आणि हो, संडास कुठे आहे तेही बघा.